हिमालयात बर्फ, कोल्हापुरात गारठा: हिवाळी अंदाज वाचण्यापासून बर्फात जाण्यापर्यंतची तयारी

आमच्या घरात थंडीची पहिली वर्दी खोबरेल तेलाची बाटली देते. नोव्हेंबरात एखाद्या सकाळी आई बाटली उपडी करते आणि हातावर काहीच पडत नाही. मग बाटली गच्चीच्या कठड्यावर उन्हात ठेवायची. खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली थिजायला लागतं, म्हणजे ऋतू बदलला एवढंच त्यातून कळतं. खऱ्या कडाक्याची वर्दी मात्र दोन हजार किलोमीटरवरून, हिमालयातून येते. ती ऐकायची सवय लागली तर आपल्याला तयारीला तीन-चार दिवस मिळतात.

गेले नऊ हिवाळे मी एक वही ठेवतोय. सकाळचं किमान तापमान, आभाळ कसं होतं, वारा कुठला होता आणि त्या दिवशी हिमाचल-काश्मीरात बर्फ पडला का, एवढ्या चारच नोंदी. त्या वहीतून आणि मनालीजवळच्या सोलंगच्या रस्त्यावर गाडीत काढलेल्या एका रात्रीतून जे कळलं, ते इथं लिहितोय. घरी राहून थंडी काढणाऱ्यालाही हे उपयोगी पडेल आणि पोरांना बर्फ दाखवायला निघालेल्यालाही. दोघांना अंदाज एकच वाचायचा असतो.

पायरी १: थंडी कुठनं येते ते आधी समजून घ्या

हिवाळ्यात भूमध्य समुद्राच्या बाजूला हवेचे कमी दाबाचे पट्टे तयार होतात. वरच्या थरातल्या जोरदार पश्चिमी वाऱ्यांबरोबर ते इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडत आपल्याकडं सरकतात. बातम्यांत ‘पश्चिमी झंझावात’ किंवा ‘पश्चिमी विक्षोभ’ म्हणतात ते हेच. भर हिवाळ्यात महिन्याला असे साधारण चार-पाच येतात. सगळे दमदार नसतात. जो दमदार असतो, तो काश्मीर, लडाख, हिमाचल, उत्तराखंडच्या डोंगरांना अडून तिथं बर्फ टाकतो आणि खाली पंजाब-हरियाणात पाऊस.

इथं एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण बहुतेकांचा गोंधळ इथंच होतो. बर्फ पडत असतो त्या दिवशी उत्तरेतल्या मैदानात ढग असतात, आणि ढगांच्या पांघरुणाखाली रात्रीचा पारा उलट थोडा चढतो. कडाका पडतो तो झंझावात पुढं सरकल्यावर. आभाळ निवळतं, बर्फाळ डोंगरांकडून कोरडी गार हवा वायव्येकडून खाली उतरते, राजस्थान-मध्य प्रदेशातून खानदेशात येते. आधी जळगाव-धुळे काकडतं, मग निफाड-नाशिक, मग पुणे. आपण रांगेत जवळजवळ शेवटी. माझ्या वहीत निफाडचा पारा कोसळल्यापासून आमच्या अंगणातला पारा उतरेपर्यंत बहुतेक वेळा एक-दोन दिवस गेलेत, आणि हिमाचलातल्या मोठ्या बर्फापासून मोजलं तर तीन-चार.

कधी ही गार हवा वाटेतच अडते. वारा पूर्वेचा किंवा आग्नेयेचा झाला की बंगालच्या उपसागरावरची ओल आत येते, आभाळ मळतं आणि १२ अंशांवर गेलेला पारा दोन दिवसांत १८-१९ वर जातो. ‘काल एवढा गारठा होता, आज कुठं गेला?’ याचं उत्तर बहुतेक वेळा वाऱ्याच्या दिशेत असतं.

शेवटचा भाग आपल्या जमिनीचा. रात्री आभाळ निरभ्र, वारा पडलेला आणि हवा कोरडी असली की दिवसभर तापलेली जमीन आपली ऊब सरळ वर सोडून देते. जमिनीलगतची हवा गार होते, जड होते आणि उताराच्या बाजूनं खोलगट भागात जाऊन साठते, पाण्यासारखी. म्हणून प्रयाग चिखली, वडणगे, शियेच्या नदीकाठच्या शेतात पहाटे जेवढं काकडायला होतं, तेवढं कधी कधी पन्हाळ्यावरही होत नाही. उंचावर गेलं की गार, हा नियम दिवसा खरा. शांत, निरभ्र रात्री तो उलटू शकतो. पंचगंगेवर सकाळी धुक्याची जी पांढरी पट्टी दिसते, ती या साठलेल्या गार हवेची खूण.

पायरी २: अंदाज चार चाळण्यांतून चाळा

‘यंदा हाडं गोठवणारी थंडी’ असा मथळा ऑक्टोबरपासूनच फिरायला लागतो. त्यावर कानटोप्या खरेदी करू नका.

पहिली चाळण हंगामाची. हवामान विभाग डिसेंबर ते फेब्रुवारीचा अंदाज डिसेंबरच्या तोंडावर देतो आणि पुढं दर महिन्याचा वेगळा. हा अंदाज शक्यतेच्या भाषेत असतो. सरासरीपेक्षा गार, सरासरीइतकं, सरासरीपेक्षा उबदार असे तीन कप्पे धरतात. काहीच माहीत नसलं तर प्रत्येकाची शक्यता ३३ टक्के. म्हणून नकाशावर आपल्या भागाला ‘उबदार’ची शक्यता ४० टक्के दाखवली असेल तर तो थोडासा कल समजायचा. आणि तीन महिन्यांची सरासरी उबदार निघाली तरी मधले पाच दिवस दातांवर दात वाजवणारे असू शकतात. त्यासाठी त्याच अंदाजात थंडीच्या लाटेचे दिवस नेहमीपेक्षा जास्त की कमी, हे वेगळं सांगितलेलं असतं. मथळ्यात ते क्वचितच येतं, पण आपल्याला वाचायचं असतं नेमकं तेच. ला निना (प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा गार होणं) असली की उत्तरेत थंडी वाढण्याकडं कल असतो, पण एकट्या ला निनावरून कोल्हापूरचा हिवाळा सांगता येत नाही.

दुसरी चाळण दोन आठवड्यांची. दर गुरुवारी विस्तारित अंदाज येतो. त्यात मी दोनच ओळी शोधतो: उत्तरेत पुढचा दमदार झंझावात कधी, आणि मध्य भारतात किमान तापमान सरासरीच्या खाली जाणार का. लग्नकार्य, सुरू हंगामातल्या उसाची लागण, सहलीचं तिकीट यांचा विचार या टप्प्यावर करावा.

तिसरी चाळण पुढच्या पाच-सात दिवसांची, आणि ही सगळ्यांत विश्वासाची. ‘मौसम’ अॅपवर कोल्हापूरचे आकडे मिळतात. शेतकऱ्यांसाठी ‘मेघदूत’ अॅप आहे, आणि जिल्ह्याचा कृषी हवामान सल्ला दर मंगळवारी व शुक्रवारी निघतो. त्यात पिकाप्रमाणं काय करायचं ते मराठीत लिहिलेलं असतं. इतकी कामाची गोष्ट इतके कमी लोक उघडून बघतात, याची मला खरंच हळहळ वाटते.

चौथी चाळण इशाऱ्याच्या रंगाची. हिरवा म्हणजे काही करायला नको, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे लगेच पावलं उचला. रंग आपल्या जिल्ह्याचा आहे ना, आणि कुठल्या तारखेचा आहे, हे दोन्ही बघा. व्हॉट्सअॅपवर फिरणारे निम्मे नकाशे मागच्या आठवड्याचे असतात.

आता ‘थंडीची लाट’ या शब्दाचा हिशेब. मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली जायला हवं आणि ते त्या ठिकाणच्या सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी कमी हवं. साडेसहा अंशांनी किंवा त्याहून जास्त कमी असलं तर तीव्र लाट. पारा ४ अंशांवर किंवा खाली गेला तर सरासरी न बघताच लाट म्हणतात. कोल्हापूरचं जानेवारीतलं सरासरी किमान १४-१५ अंशांच्या आसपास आहे. म्हणजे आपल्याकडं पारा १० च्या घरात आला की मगच लाटेची भाषा सुरू होते. ११ अंशांवर कुणी लाट जाहीर करणार नाही, पण पाचटाच्या कोपीत (झोपडीत) झोपलेल्या माणसाला ते ११ अंशही पुष्कळ होतात. म्हणून मी जाहीर होण्याची वाट बघत नाही. अंदाजात १३ दिसले की म्हाताऱ्या माणसांच्या खोलीची तयारी, १२ दिसले की गोठ्याची आणि वासरांची, आणि १० च्या जवळ जाणार असं दिसलं की पहाटेची सगळी कामं दोन तास पुढं ढकलायची.

पायरी ३: स्वतःचा पारा ठेवा

वेधशाळेचा तापमापक पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत, माणसाच्या छातीच्या उंचीवर, मोकळ्या जागेत असतो. तुमचं शेत, तुमचं अंगण तसं नसतं. शे-दोनशे रुपयांचा साधा तापमापक घ्या, उत्तरेकडच्या बाजूला, सावलीत, जमिनीपासून चार-पाच फुटांवर, भिंतीला न चिकटवता टांगा. भिंत दिवसाची ऊब धरून ठेवते आणि आकडा चुकवते. वाचायची वेळ सूर्योदयाच्या सुमाराची, कारण सगळ्यांत खालचा पारा मध्यरात्री नसतो. ऊन्ह जमिनीला लागेपर्यंत तो उतरतच राहतो.

पंधरा दिवस रोज तुमचा आकडा आणि शहराचा आकडा शेजारी शेजारी लिहा. आमचं अंगण शहराच्या आकड्यापेक्षा निरभ्र रात्री दीड-दोन अंशांनी गार निघतं. नदीकाठच्या एका मित्राच्या मळ्यात हा फरक तीनपर्यंत जातो. एकदा हा फरक कळला की पुढं आयुष्यभर अॅपवरचा आकडा तुमच्या मळ्याचा करून वाचता येतो.

संध्याकाळची तीन लक्षणं बघायची: आभाळ स्वच्छ आहे का, झाडाचं पान हलतंय का, आणि दोरीवरचे कपडे लवकर वाळले का. स्वच्छ आभाळ, न हलणारं पान, लवकर वाळलेले कपडे अशी तिन्ही जुळली तर रात्री वाकळ एक जास्त घ्या.

पायरी ४: घरात

आपली घरं उन्हाळ्या-पावसाळ्याचा विचार करून बांधलेली. कौलाखाली फट, जुन्या खिडकीला फट. फटी पूर्ण बुजवू नका, माणसाच्या डोक्याकडची तेवढी झाका. जमिनीवर झोपणाऱ्याला खालून लागणारी थंडी वरच्या पांघरुणानं थांबत नाही. अंगाखाली घोंगडं किंवा जाड सतरंजी हवी. आमच्याकडं पट्टणकोडोलीचं घोंगडं खाली आणि वाकळ वर, हा आजीच्या काळापासूनचा क्रम आहे, आणि तो योग्य आहे.

आता जे सांगतोय ते कृपा करून दोनदा वाचा. बंद खोलीत कोळशाची शेगडी किंवा निखाऱ्याचं घमेलं ठेवून झोपू नका. निखाऱ्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. माणूस झोपेतच जातो. तोच धोका छोट्या न्हाणीघरात बसवलेल्या गॅस गिझरचा. गिझरची टाकी-नळी न्हाणीघराबाहेर असावी, नसेल तर आधी बादली भरून घ्यायची, गिझर बंद करायचा आणि मगच आत जाऊन दार लावायचं. आंघोळ करताना डोकं जड झालं, मळमळलं तर साबण अंगावर असला तरी बाहेर या.

थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो. हृदयाचा त्रास असलेल्यांनी पहाटे पाचला रंकाळ्यावर चालायला जाण्याचा हट्ट या दिवसांत सोडावा. ऊन्ह आल्यावर जावं. रंकाळा कुठं जात नाही. म्हातारं माणूस थरथरायचं थांबलं, बोलणं जड झालं, गुंगी आली, तर ‘झोप लागली’ असं समजू नका. शरीराचं तापमान ३५ अंशांखाली गेल्याची ती लक्षणं आहेत. ओले कपडे काढा, कोरडं पांघरूण घाला, शुद्धीत असतील तर कोमट गोड प्यायला द्या आणि दवाखाना गाठा.

दुचाकीवाल्यांसाठी एक आकडा. पारा १० अंशांवर असताना ताशी ५० किलोमीटरनं गाडी चालवली तर उघड्या कातडीला ते साधारण पाच-साडेपाच अंशांसारखं लागतं. एमआयडीसीच्या पहिल्या पाळीला जाणाऱ्यांनी छातीवर जर्किनच्या आत वर्तमानपत्राची घडी घालावी. जुनी युक्ती आहे, वारा अडतो. दुपारी ३० अंश होणार असतात, म्हणून एक जाड कपडा घालण्यापेक्षा काढता येतील असे दोन-तीन पातळ थर बरे.

पायरी ५: गोठा, शेत आणि कोपी

गोठ्याला पश्चिम-उत्तरेकडून गोणपाटाचा पडदा, खाली कोरडं पाचट, आणि पहाटेच्या आत ओली जागा बदललेली. नुसत्या गारठ्यापेक्षा ओला गारठा वासराला जास्त मारतो. लहान वासराच्या पाठीवर गोणपाट बांधा, पोटाखालून सैल गाठ. जनावरांना टाकीतलं रात्रीचं पाणी देऊ नका, विहिरीचं ताजं पाणी सकाळी कोमट लागतं, तेच पाजा. कोंबडीची पिल्लं असतील तर पहिल्या आठवड्यात दिव्याखाली ३२ ते ३५ अंश ऊब हवी, पुढं आठवड्याला तीनेक अंश कमी करत जायचं. पिल्लं दिव्याखाली गोळा झाली तर ऊब कमी, लांब पळाली तर जास्त. तापमापक नसला तरी ती बरोबर सांगतात.

उभ्या उसाला ही थंडी वाईट नाही. रात्री गार आणि दिवस कोरडे असले की उसाची वाढ मंदावते आणि साखर कांडीत साठते. आपल्या कारखान्यांच्या साखर उताऱ्यामागं या रात्रींचाही हात आहे. गहू-हरभऱ्यालाही गारवा मानवतो. काळजी करायची ती नव्या लागणीची. जमीन २० अंशांखाली गार असली तर टिपरीचा (लागणीसाठी तोडलेल्या कांडीचा) डोळा रेंगाळतो आणि रेंगाळलेला डोळा कुजतो. विस्तारित अंदाजात थंडी दिसत असेल तर सुरूची लागण आठ-दहा दिवस पुढं न्या. भाजीपाला, केळी, पानमळा असेल तर कडाक्याच्या आदल्या संध्याकाळी हलकं पाणी द्या. ओली जमीन दिवसाची ऊब जास्त धरते आणि विहिरीचं पाणीही हवेपेक्षा उबदार असतं. द्राक्षवाल्या मंडळींनी ढगाळ होऊन पारा चढायला लागला की भुरी रोगावर लक्ष ठेवावं.

रात्रीच्या विजेवर पाणी पाजायला जाणाऱ्यानं कोरडे कपडे आणि मोजे प्लास्टिकच्या पिशवीत बरोबर न्यावेत. भिजल्यावर तासभर वाऱ्यात उभं राहणं १२ अंशांतही धोक्याचं आहे.

आणि ऊसतोड कामगार. बीड, उस्मानाबाद-धाराशिवकडून आलेली ही कुटुंबं आपल्याच फडाशेजारी पाचटाच्या कोपीत राहतात. पहाटे चारला बाई दहिवरानं भिजलेल्या फडात उतरते आणि लेकरू कोपीत असतं. शेतमालकाच्या हातात सहज होण्यासारख्या तीन गोष्टी आहेत: कोपी खोलगट भागात न बांधता बांधाच्या उंच बाजूला बांधायला जागा द्यायची, खाली अंथरायला ताडपत्री द्यायची, आणि कडाक्याच्या तीन-चार दिवसांत तोड ऊन्ह आल्यावर सुरू करू द्यायची. तिसऱ्या गोष्टीला मुकादम नाही म्हणतो, गाडीची वेळ सांगतो. तरी बोलून बघा. मी दोनदा बोललो, एकदा ऐकलं गेलं. कोपीत आगीची भीती मोठी असते, म्हणून शेकोटी बाहेर, कोपीपासून लांब, आणि शेजारी पाण्याची घागर.

पायरी ६: बर्फ बघायला जाताय?

आधी तारीख. नाताळच्या सुट्टीत मनालीत बर्फ मिळेलच असं नाही. गावात पडणाऱ्या बर्फाची शक्यता जानेवारी ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत जास्त. काश्मीरात २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस ‘चिल्लई कलान’ म्हणतात, सगळ्यांत कडक थंडीचे. त्यानंतर वीस दिवस ‘चिल्लई खुर्द’ आणि दहा दिवस ‘चिल्लई बच्चा’. लहान मुलं आणि आजी-आजोबा बरोबर असतील तर मी फेब्रुवारी सुचवेन.

मग उंची. शंभर मीटर चढलं की तापमान सरासरी अर्ध्या अंशाहून थोडं जास्त उतरतं, हजार मीटरला साडेसहा. श्रीनगर सुमारे १,६०० मीटरवर, मनाली २,०५०, सिमला २,२००, गुलमर्ग २,६५०, अटल बोगद्यापलीकडचं सिस्सू ३,१०० आणि लेह ३,५०० मीटरवर. अंदाजात ‘मनाली १ अंश’ असेल तर सिस्सूला त्याहून सहा-सात अंश कमी धरा. हिमाचलाच्या बातमीपत्रात सखल, मध्यम आणि उंच डोंगराळ भाग असे वेगळे अंदाज असतात, आपलं गाव कुठल्या भागात पडतं ते हॉटेलवाल्याला विचारून घ्या. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे फार तर पाव भागात, ‘काही ठिकाणी’ म्हणजे अर्ध्यापर्यंत, ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे पाऊण भागापर्यंत आणि ‘बहुतांश ठिकाणी’ म्हणजे जवळजवळ सगळीकडं. अंदाजात पावसाचा आकडा मिलिमीटरमध्ये असेल आणि तिथं गोठणबिंदूखाली तापमान असेल, तर १ मिलिमीटरला साधारण १ सेंटिमीटर ताजा बर्फ हा ढोबळ हिशेब धरा. २० चा आकडा म्हणजे घोट्याच्या वर, आणि चाकांना साखळी नसलेल्या गाडीसाठी रस्ता संपला.

नारिंगी किंवा लाल इशारा असेल त्या दिवशी गावाबाहेर पडू नका. मी हे अनुभवातून लिहितोय. आमच्या सहलवाल्यानं ‘दोन तासांत जाऊन येऊ’ म्हणून नेलं आणि परतताना सोलंगच्या अलीकडं बर्फ सुरू झाला. पुढची गाडी घसरून आडवी झाली आणि रांग थांबली ती पहाटेपर्यंत. माझी आठ वर्षांची भाची मोजे ओले झाले म्हणून रडत होती आणि तिच्यासाठी कोरडा जोड हॉटेलात राहिला होता. डिसेंबर २०२४ मध्ये याच पट्ट्यात, सोलंग आणि अटल बोगद्याच्या दरम्यान, शेकडो गाड्या अडकल्या आणि पोलिसांनी रात्रभर माणसं बाहेर काढली. बोगदा ९.०२ किलोमीटरचा आहे, ऑक्टोबर २०२० पासून सुरू आहे. त्याच्यामुळं रोहतांग खिंड न चढता पलीकडं जाता येतं, पण बोगद्याच्या दोन्ही तोंडांकडचे रस्ते बर्फातलेच आहेत.

गाडीत अडकलात तर गाडी सोडून चालत निघू नका. धुराड्याच्या नळीभोवतीचा बर्फ आधी हातानं काढा, तो तसाच राहिला तर विषारी धूर आत येतो. तासाला दहाएक मिनिटं इंजिन चालवा, तेवढ्या वेळात काच बोटभर उघडी. पाय हलवत राहा. दारू पिऊ नका. तिनं कातडीकडं रक्त धावतं, गरम वाटतं आणि आतली ऊब निघून जाते. ११२ किंवा जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा १०७७ लावा. बर्फ थांबल्यावरच्या सकाळी रस्त्यावर काचेसारखा पारदर्शक थर असतो, तो ओल्या डांबरासारखा दिसतो. सर्वांत जास्त गाड्या त्यावरच घसरतात. उंच भागात जाणार असाल तर चंदीगडच्या ‘डीजीआरई’ या संरक्षण संशोधन संस्थेचे हिमस्खलनाचे इशारेही बघा.

स्वतःची गाडी नेणाऱ्यांसाठी: आपल्याकडं बरेच जण रेडिएटरमध्ये साधं पाणी घालतात. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्क्यांनी फुगतं आणि इंजिन फोडू शकतं. निघण्याआधी ते पूर्ण काढून गोठणरोधक कूलंट घाला, काच पुसायच्या टाकीतलं पाणीही बदला. डिझेलची टाकी डोंगरात चढल्यावर तिथल्या पंपावर भरा, तिथं थंडीसाठीचं वेगळं डिझेल मिळू शकतं. चालवायला मात्र स्थानिक चालक घ्या. आंबोलीचा घाट रात्री पावसात उतरवणारा माणूससुद्धा बर्फावर नवशिका असतो.

कपड्यांत एकच मोठी चूक आपण करतो: सुती बनियन. सूत घाम पिऊन ओलं राहतं. अंगालगत लोकरीचा किंवा थर्मलचा थर, मध्ये लोकर, वर वारा-पाणी अडवणारं जर्किन. हातमोज्यांचे आणि पायमोज्यांचे दोन-दोन जोड, आणि तो जास्तीचा जोड तुमच्या पाठीवरच्या पिशवीत. बूट एक माप मोठे. घट्ट बुटात रक्त फिरत नाही. बर्फावरून परतणारं ऊन्ह डोळे भाजतं, म्हणून लहान मुलांनाही काळा चष्मा. बोटं पांढरी पडून बधिर झाली तर चोळू नका, शेकोटीवर धरू नका. कोमट, हाताला सोसवेल इतक्या पाण्यात बुडवा.

औषधं सामानाच्या बॅगेत टाकू नका. इन्सुलिन गोठलं की निकामी होतं, ते आतल्या खिशात अंगाजवळ ठेवा. लेहला विमानानं उतरणार असाल तर पहिले दोन दिवस खोलीतच विश्रांती. डोकं दुखतंय, उलटी होतेय आणि चालताना तोल जातोय असं झालं तर वर जायचं सोडून खाली उतरायचं. जम्मू-काश्मीर आणि लडाखात आपली प्रीपेड सिम चालत नाहीत, निदान एकाकडं पोस्टपेड असू द्या. हॉटेलात खोलीत कोळशाची अंगीठी देत असतील तर झोपताना ती बाहेर ठेवायला सांगा. घरातला नियम तिथंही तोच.

शेवटी परतीचा रस्ता, ज्याचा विचार कुणीच करत नाही. झंझावात गेल्यावर पंजाब-दिल्लीवर दाट धुकं उतरतं. दोनशे मीटरच्या आत दिसेनासं झालं की दाट, पन्नासच्या आत गेलं की अतिदाट. मनालीहून येणारी बस, दिल्लीहून सुटणारी गाडी, दोन्ही तासन्‌तास अडकतात. कोल्हापूर–निजामुद्दीन गाडी आठवड्यातून एकदाच, ती चुकली तर मिरजेमार्गे गोवा एक्स्प्रेस शोधत बसावं लागतं. म्हणून दिल्लीत एक रात्र मोकळी ठेवा, आणि परतीचा जोड-प्रवास पहाटेचा न घेता दुपारचा घ्या.

त्या मोकळ्या संध्याकाळी मी दरवेळी घरी फोन लावतो. वर बर्फ पडून गेलेला असतो, दिल्लीचं आभाळ निवळलेलं असतं, अंगाला वायव्येचा वारा लागत असतो. आईला एवढंच सांगतो की परवा-तेरवापर्यंत आपल्याकडं पोचेल, वाकळा उन्हात टाकून ठेव आणि वासराला आत घे. बऱ्याचदा थंडी आणि मी एकाच दिवशी कोल्हापुरात उतरतो.